जखमी वैद्य : कार्ल गुस्टाव युंग यांचे जीवन



ग्रीक पुराणांत कायरॉन नावाचा एक वैद्य आहे. कमरेच्या वर माणूस, खाली घोडा. हेराक्लीस या वीराचा विषात बुडवलेला बाण त्याला चुकून लागतो. विष असे की जखम भरत नाही आणि कायरॉन अमर, त्यामुळे मरणानेही सुटका नाही. दुसऱ्यांना बरे करण्याची विद्या जाणणारा हा वैद्य स्वतः मात्र जखमी राहतो. त्याच्याच हाताखाली शिकलेला अ‍ॅस्क्लेपिअस पुढे ग्रीकांचा आरोग्यदेव ठरला.

ही कथा वाचताना आपल्याला अश्वत्थामा आठवला असेल. तोही चिरंजीव आणि कपाळावरची त्याची जखमही न भरणारी. पण आपल्याकडच्या लोककथेतला अश्वत्थामा जखमेसाठी दारोदार तेल मागत फिरतो. जखम दोघांचीही तशीच, जगणे मात्र किती वेगळे! आज ज्यांची ओळख करून घ्यायची आहे, त्या डॉक्टर कार्ल गुस्टाव युंग यांना जखमी वैद्याची ही कल्पना फार जवळची वाटत असे. रुग्णाला बरे करण्याची वैद्याची शक्ती त्याच्या स्वतःच्या दुखऱ्या जागेतून येते, असे त्यांचे मत होते. हे मत त्यांनी पुस्तकातून घेतले नव्हते. ते कुठून आले, हे त्यांच्या आयुष्याकडे पाहिले की कळते.

युंग यांचा जन्म २६ जुलै १८७५ रोजी स्वित्झर्लंडमध्ये, कॉन्स्टन्स सरोवराकाठच्या केसविल या गावी झाला. वडील पॉल युंग प्रोटेस्टंट धर्मोपदेशक होते. काका-मामांपैकी आठ जण धर्मोपदेशकच. घरात देवधर्म भरपूर होता, पण शांती नव्हती. कार्ल तीन वर्षांचा असताना आईला मनाच्या आजारामुळे काही महिने रुग्णालयात ठेवावे लागले. आई अशी अचानक नाहीशी झाल्याची भीती त्या लहान मुलाच्या मनात घर करून बसली.

दहाव्या वर्षाच्या सुमारास कार्लने एक गंमतच केली. लाकडी पट्टीच्या टोकाला कोरून त्याने दोन इंचांचा एक माणूस बनवला. त्याला काळा लांब कोट, उंच टोपी आणि काळे बूट रंगवले. पेन्सिलींच्या डबीत त्याच्यासाठी बिछाना केला. ऱ्हाइन नदीतला एक गुळगुळीत गोटा रंगवून त्याच्याजवळ ठेवला आणि डबी माळ्यावर तुळईआड लपवून ठेवली. शाळेत किंवा घरी मन दुखावले की तो माळ्यावर चढून या बाहुल्याला भेटून येई. गुप्त लिपीत लिहिलेली कागदाची गुंडाळी त्याच्यासमोर ठेवी. हे त्याला कोणी शिकवले नव्हते. देव्हाऱ्यातले टाक आणि शेंदूर लावलेले दगड पाहत वाढलेल्या आपल्यासारख्यांना यात काही अजब वाटणार नाही. पण एका प्रोटेस्टंट धर्मोपदेशकाच्या घरात, जिथे मूर्तीला जागाच नव्हती, तिथे ही पूजा आली कुठून? हा प्रश्न युंग यांना तिशी ओलांडल्यावर पडला. जगातल्या कितीतरी प्राचीन समाजांत असेच पवित्र दगड जपून, लपवून ठेवतात, हे त्यांनी तेव्हा वाचले आणि माळ्यावरची विसरलेली डबी त्यांना आठवली.

१८८७ च्या उन्हाळ्यात बाझल शहराच्या कॅथेड्रलच्या चौकात एका मुलाने कार्लला ढकलले. त्याचे डोके कडेच्या दगडावर आपटले. त्या क्षणी मनात एक विचार चमकून गेला : आता शाळेत जावे लागणार नाही. त्यानंतर शाळेचे किंवा अभ्यासाचे नाव काढले की त्याला चक्कर येऊ लागली. सहा महिन्यांहून अधिक काळ तो घरीच राहिला. डॉक्टरांना अपस्माराची शंका आली. मग एके दिवशी झुडपाआड बसलेल्या कार्लने वडिलांचे बोलणे ऐकले. ते पाहुण्याला सांगत होते की जवळची होती नव्हती ती पुंजी संपली आहे, आणि हा मुलगा स्वतःचे पोट भरू शकला नाही तर त्याचे काय होणार, हेच कळत नाही. कार्ल तडक उठला, वडिलांच्या खोलीत गेला आणि लॅटिनचे व्याकरण काढून बसला. दहा मिनिटांत चक्कर आली. तो पुन्हा बसला. पाव तासाने पुन्हा आली. तो उठला नाही. तासाभराने तिसऱ्यांदा आली, तरी त्याने पुस्तक सोडले नाही. त्यानंतर चक्कर आली नाही, ती कायमची.

मनाचा आजार म्हणजे काय, हे आपल्याला त्या दिवशी कळले, असे युंग पुढे सांगत. चक्कर खोटी नव्हती, तो सोंग करत नव्हता. पण त्या चक्करेला एक हेतू होता आणि तो त्याचा त्यालाही ठाऊक नव्हता.

या बालपणातली सर्वांत खोल जखम मात्र वडिलांची होती. पॉल युंग विद्वान होते, दयाळू होते. दर रविवारी ते प्रवचन देत आणि आतून त्यांची श्रद्धा आटत चालली होती. कार्लला धर्मदीक्षेचे पाठ वडीलच देत. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा तिन्ही मिळून एकच देव कसा, हा धडा कधी येतो याची तो उत्सुकतेने वाट पाहत होता. धडा आला तेव्हा वडिलांनी तो गाळला, मला यातले काही समजत नाही असे प्रामाणिकपणे सांगून. प्रथम प्रसाद घेतला त्या दिवशी कार्लला काहीच जाणवले नाही. शंका विचारल्या की वडील म्हणत, विचार करू नये, विश्वास ठेवावा. मुलाला वाटे, आधी अनुभव यावा, मग विश्वास आपोआप येईल. १८९६ मध्ये वडील वारले. अनुभूतीवाचून श्रद्धा सांभाळत बसलेला माणूस आतल्या आत कसा कुढतो, हे युंग यांनी स्वतःच्या घरात पाहिले होते. त्यांच्या पुढच्या सगळ्या कामामागे मला तरी ही वडिलांची खोलीच दिसते.

बाझलला वैद्यकाचे शिक्षण पूर्ण करून डिसेंबर १९०० मध्ये युंग झुरिकच्या बुर्गहोल्झली मनोरुग्णालयात रुजू झाले. त्या काळी मनोरुग्णाच्या बडबडीला अर्थ असतो, असे फार थोडे डॉक्टर मानत. वॉर्डात पंचाहत्तरीची एक वृद्धा होती. चाळीस वर्षे ती अंथरुणाला खिळलेली. बोलत नसे, फक्त हातांची एक विचित्र तालबद्ध हालचाल सतत करी. तरुण डॉक्टरांच्या दृष्टीने ते आजाराचे एक लक्षण, बस्स. युंग यांनी जुन्या परिचारिकेला विचारले. तिला एवढेच आठवत होते की पूर्वी लोक म्हणत, ही चपला शिवते. खरोखरच ती हालचाल चांभार गुडघ्यांत जोडा धरून दोरा ओढतो तशी होती. वृद्धा वारली तेव्हा तिचा भाऊ आला. युंग यांनी त्याला विचारले की तिचे मन कशाने बिघडले. भाऊ म्हणाला, तिचे एका चांभारावर प्रेम होते, त्याने नकार दिला. म्हणजे एवढी वर्षे ती हातांनी त्या माणसापाशी राहिली होती. वाचकहो, कोणाच्या दुःखाला आपण अर्थहीन म्हणायला जाऊ तेव्हा हे हात डोळ्यांसमोर आणावेत, असे मला वाटते.

याच रुग्णालयात युंग यांनी शब्दांच्या चाचण्या केल्या. एक शब्द सांगायचा आणि मनात येणारा पहिला शब्द रुग्णाने बोलायचा. कुठे तो अडखळतो, किती वेळ घेतो, याची नोंद ठेवायची. अडखळण्याच्या जागी काहीतरी दुखरे गाठीसारखे साचलेले असते. त्या गाठीला मराठीत गंड म्हणतात. न्यूनगंड हा शब्द आपण सहज बोलून जातो, त्यातलाच हा गंड. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी, म्हणून माझ्या मनात लगेच उचंत खाते आले. ताळेबंद जुळत नाही तेव्हा फरकाची रक्कम तिथे टाकतात. ती रक्कम नाहीशी होत नाही. कधीतरी ती शोधून योग्य खात्यात घालावीच लागते.

१९०७ मध्ये व्हिएन्नात युंग यांची सिग्मंड फ्रॉइड यांच्याशी भेट झाली. पहिल्याच दिवशी दोघे तेरा तास बोलत बसले. फ्रॉइड त्यांना वारसदार मानू लागले. दोघे १९०९ मध्ये बरोबर अमेरिकेला गेले, आणि त्या प्रवासात युंग यांना एक स्वप्न पडले. स्वतःचे दुमजली घर. वरचा मजला नीटनेटका सजवलेला. तळमजला त्याहून जुना, मध्ययुगातला. त्याखाली रोमन काळचे तळघर. तिथल्या फरशीखालून आणखी अरुंद पायऱ्या एका गुहेत उतरतात आणि तिथे धुळीत हाडे, फुटकी भांडी, दोन कवट्या. फ्रॉइड त्या कवट्या कोणाच्या, हेच विचारत राहिले. स्वप्नात कोणाच्या तरी मरणाची इच्छा लपली आहे, असा त्यांचा कयास होता. युंग यांनी वेळ मारून नेण्यासाठी काहीतरी खोटेच सांगितले. त्यांना मात्र वाटत होते की हे माणसाच्या मनाचेच चित्र आहे. वर माझे आयुष्य, त्याखाली पूर्वजांचे आणि अगदी तळाशी साऱ्या मानवजातीचे. त्या तळाला त्यांनी सामूहिक नेणीव म्हटले आणि तिथून देशोदेशींच्या पुराणांत, स्वप्नांत, वेडाच्या भ्रमांत पुन्हा पुन्हा वर येणाऱ्या आकृतींना आदिबंध. माता, वृद्ध ज्ञानी, दैवी बालक, स्वतःचीच काळी छाया, असे हे आदिबंध.

येथे भाषांतर करणाऱ्याचे दोन शब्द. हिंदी लेखांत याला अचेतन म्हणतात. मराठीत नेणीव हा शब्द आहे. आपल्या संतांच्या वाङ्मयात जाणीव आणि नेणीव ही जोडी पुन्हा पुन्हा येते, तिथला अर्थ थोडा वेगळा असला तरी. अचेतन म्हटले की दगड आठवतो. नेणीव म्हटले की जाणिवेच्याच पाठीला पाठ लावून बसलेले काही वाटते, आणि युंग यांना तेच म्हणायचे होते.

पुराणांवरचे युंग यांचे पुस्तक आले आणि जानेवारी १९१३ मध्ये फ्रॉइड यांनी पत्र लिहून वैयक्तिक संबंध संपवले. एका वडिलांना मरणाने नेले होते, आता वडिलांच्या जागी मानलेलाही गेला. अडतिसाव्या वर्षी नाव, पैसा, घर, पत्नी एमा, मुले, सारे असताना युंग यांच्या पायाखालची जमीन सरकली. ऑक्टोबर १९१३ मध्ये आगगाडीत बसलेले असताना जागेपणी त्यांना दिसले की युरोपभर पिवळट पाण्याचा लोंढा पसरला आहे, त्यात हजारो प्रेते तरंगत आहेत आणि मग सारा समुद्र रक्ताचा झाला आहे. हे सुमारे तासभर चालले. रोज वेडे झालेले लोक पाहणाऱ्या या डॉक्टरांनी मनाशी निदान केले की आपल्यालाही वेड लागते आहे. पुढच्या ऑगस्टमध्ये महायुद्ध सुरू झाले तेव्हा त्यांना दुसरी बाजू दिसली. पण मधले दहा महिने त्यांनी कसे काढले असतील?

त्यांनी दोन गोष्टी केल्या. दुपारच्या जेवणानंतर रुग्ण येईपर्यंत ते सरोवराकाठी बसून दगडांची घरे, वाडा, चर्च, अख्खे खेळातले गाव रचत. नामांकित डॉक्टरने असे पोरासारखे खेळत बसायचे याची त्यांना लाज वाटे, तरी ते बसत. दुसरी गोष्ट कठीण होती. डिसेंबर १९१३ मध्ये त्यांनी ठरवले की आतून जे वर येत आहे त्याला अडवायचे नाही. ते डोळे मिटून खोल उतरत. तिथे भेटणाऱ्या आकृतींशी बोलत आणि सारे वहीत लिहून ठेवत. त्यांतला फिलेमॉन नावाचा पंख असलेला वृद्ध त्यांचा गुरूच झाला. बऱ्याच वर्षांनी एक सुशिक्षित भारतीय गृहस्थ त्यांच्याकडे आले. बोलता बोलता त्यांनी सांगितले की आपले गुरू शतकांपूर्वी होऊन गेलेले शंकराचार्य आहेत. हे ऐकून युंग यांना फार हायसे वाटले. देहात नसलेला गुरू असू शकतो, हे कोणीतरी अगदी साध्या सुरात सांगितले होते.

भावनांचा लोंढा आवरेनासा झाला की ते योगाच्या काही क्रिया करत. पण मन शांत होईपर्यंतच. शांत झाले की पुन्हा त्या आकृतींकडे वळत. आपल्या परंपरेत वृत्तींच्या पलीकडे जायचे असते, ते मात्र वृत्तींचे म्हणणे ऐकायला परत जात. येथे त्यांचा मार्ग आपल्या साधनेहून वेगळा आहे आणि तो फरक झाकून दोन्ही एकच म्हणणे योग्य होणार नाही.

या खोल पाण्यात ते बुडाले कसे नाहीत? याचे त्यांचे उत्तर अगदी प्रापंचिक आहे. मी अमुक विद्यापीठाचा डॉक्टर आहे, मला रुग्ण पाहायचे आहेत, मला पत्नी आणि पाच मुले आहेत, मी क्युस्नाख्टमध्ये सीस्ट्रासे २२८ या पत्त्यावर राहतो, असे ते स्वतःला बजावत. रुग्ण रोज येत होते, जेवणाची वेळ पाळायची होती. प्रपंचाने त्यांना धरून ठेवले. या प्रपंचाचा भार मात्र एमा यांनी उचलला, हेही सांगायला हवे. त्याच वर्षांत युंग यांचे टोनी वोल्फ या सहकारी स्त्रीशी जवळचे नाते जडले आणि ते वर्षानुवर्षे टिकले. एमा यांनी ते सोसले, घर सांभाळले आणि पुढे स्वतःही रुग्णांवर उपचार करू लागल्या. एका माणसाच्या बरे होण्याची किंमत दुसऱ्या कोणीतरी चुकवलेली असते, ती चरित्रात बहुधा दोन ओळींत उरकली जाते. मीही तेच करतो आहे.

महायुद्धाच्या शेवटी युंग लष्करी सेवेत होते तेव्हा ते रोज सकाळी वहीत एक वर्तुळाकार आकृती काढत. मन बिघडले असेल त्या दिवशी वर्तुळ कुठेतरी तुटलेले येई. या आकृत्यांसाठी त्यांनी आपला संस्कृत शब्द घेतला, मंडल. सारे रस्ते एका मध्याकडे जातात, त्या मध्याला त्यांनी नाव दिले आत्म. तिथून पुढची चाळीस वर्षे ते याच अनुभवाचा अर्थ शास्त्राच्या भाषेत मांडत राहिले. पस्तिशी उलटलेल्या आपल्या रुग्णांच्या दुःखाच्या मुळाशी शेवटी जीवनाकडे पाहण्याची धार्मिक दृष्टी हरवल्याचेच आढळते, असे निरीक्षण त्यांनी नोंदवले. धार्मिक म्हणजे पंथाचा सभासद, असा त्यांचा अर्थ नव्हता.

या मोठ्या माणसाच्या आयुष्यावर एक डाग आहे. हिटलरची सत्ता आली त्याच वर्षी, १९३३ मध्ये, युंग यांनी मानसोपचारतज्ज्ञांच्या एका संघटनेचे अध्यक्षपद घेतले. त्या काळात ज्यू आणि जर्मन मनांतील भेदाविषयी त्यांनी लिहिले, आणि ते लिखाण छळणाऱ्यांच्या सोयीचे होते. त्यांनी ज्यू सहकाऱ्यांना मदतही केली, हे खरे. पण छायेचा सिद्धांत मांडणाऱ्याला स्वतःच्या काळाची छाया वेळेवर दिसली नाही, हेही खरेच.

भारताशी त्यांचा संबंध जुना. योग आणि पाश्चात्त्य जग या विषयावरचा त्यांचा लेख फेब्रुवारी १९३६ मध्ये प्रबुद्ध भारत मासिकाच्या श्रीरामकृष्ण शताब्दी अंकात आला होता. योगाबद्दल त्यांना नितांत आदर होता, पण युरोपीय माणसाने तो वरवर उचलू नये, असा त्यांचा सावध सल्ला होता. १९३७ च्या अखेरीस, भारतीय विज्ञान परिषदेच्या रौप्यमहोत्सवाच्या निमित्ताने, ते मुंबईत उतरले. सांचीच्या स्तूपापाशी ते फार हेलावले. अलाहाबाद, बनारस आणि कलकत्ता या विद्यापीठांनी त्यांना सन्माननीय पदव्या दिल्या. कलकत्त्यात आमांशाने दहा दिवस रुग्णालयात पडून राहावे लागले. त्याच सुमारास त्यांना स्वप्न पडले : इंग्लंडजवळच्या एका बेटावर ते आहेत आणि येशूच्या कथेतला पवित्र प्याला आणण्यासाठी त्यांना एकट्याने थंड पाणी पोहून जायचे आहे. त्यांनी अर्थ लावला की तुझ्या लोकांचे औषध तुझ्याच घरच्या भांड्यात आहे, तिथे शोध. रमण महर्षी तेव्हा तिरुवण्णामलईला होते. युंग दक्षिणेत जाऊनही त्यांना भेटले नाहीत, मुद्दामच भेटले नाहीत. दुसऱ्याच्या अनुभूतीवर आपले घर बांधायचे नाही, ही त्यांची हट्टी वृत्ती. हे वाचून आपल्याला हळहळ वाटेल, मलाही वाटली. पण वडिलांची उसनी श्रद्धा ज्याने पाहिली, त्याचा हा हट्ट समजूही शकतो.

भारत मात्र त्यांना सोडून गेला नाही. १९४४ च्या सुरुवातीला त्यांचा पाय मोडला आणि त्यातच हृदयविकाराचा झटका आला. मरणाच्या दारात त्यांना दिसले की आपण पृथ्वीपासून खूप उंच आहोत. खाली निळ्या प्रकाशात सिलोन आणि भारत. अवकाशात तरंगणारी एक प्रचंड काळी शिळा, तिच्यात कोरलेले मंदिर आणि दारापाशी पद्मासनात बसलेला एक मूक हिंदू पुरुष, जणू त्यांचीच वाट पाहत. एकेक करून सारे आपल्यावरून गळून पडते आहे, असे त्यांना वाटले. यातनाही झाल्या आणि पूर्णताही वाटली. मग त्यांच्या डॉक्टरांची आकृती वर आली आणि परत जावे लागेल, असा निरोप मिळाला. युंग यांना आनंद झाला नाही. पुन्हा जगायला मन तयार होण्यास तीन आठवडे लागले. ज्या दिवशी त्यांना प्रथम उठून बसू दिले, त्याच दिवशी त्यांचे डॉक्टर आजारी पडले आणि थोड्याच दिवसांत वारले. यावर काही भाष्य करणे मला जमणार नाही.

या दुखण्यानंतर त्यांचे लिखाण निर्भय झाले. १९५२ मध्ये त्यांनी ईयोबाच्या कथेवर पुस्तक लिहिले. बायबलमधला ईयोब आपल्या हरिश्चंद्रासारखा. निर्दोष माणूस, देवाच्या परीक्षेत मुले, संपत्ती, आरोग्य सारे गमावणारा. हरिश्चंद्र सत्त्व राखून गप्प सोसतो, ईयोब मात्र देवालाच जाब विचारतो. युंग ईयोबाच्या बाजूने उभे राहिले. भक्ताच्या दुःखाने देवालाही उत्तर द्यावे लागते, त्या दुःखातून देवालाच मानवी व्हावे लागते, असे त्यांनी मांडले. धर्ममार्तंड खवळले. मला मात्र त्या पानांमागे लॅटिनचे व्याकरण उघडून बसलेला मुलगा दिसतो आणि न समजलेला धडा गाळून पुढे गेलेले वडील.

एक शेवटची घटना. काही दशकांपूर्वी एक अमेरिकन उद्योजक दारूच्या व्यसनासाठी युंग यांच्याकडे आला होता. उपचारांनंतर तो पुन्हा घसरला आणि परत आला. युंग यांनी त्याला स्पष्ट सांगितले की वैद्यकाजवळ आता काही उरलेले नाही, खराखुरा आध्यात्मिक अनुभव आला तरच आशा आहे. डॉक्टरने हात टेकले, हे कबूल करणे सोपे नसते. तो माणूस सावरला. त्याच्याकडून ही गोष्ट एका मित्रामार्फत बिल विल्सन यांच्यापर्यंत गेली, आणि त्यांनी १९३५ मध्ये ज्या चळवळीचा पाया घातला तिचे नाव अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस. आज मुंबई-पुण्यातही तिच्या सभा भरतात. जानेवारी १९६१ मध्ये विल्सन यांनी युंग यांना पत्र लिहून हे सारे प्रथमच कळवले. ३० जानेवारीला उत्तर आले. दारूची तहान ही खोलवर पूर्णत्वाचीच, देवाचीच तहान असते, असे त्यात युंग यांनी लिहिले होते.

आयुष्याच्या उत्तरार्धात ते झुरिक सरोवराच्या वरच्या अंगाला बोलिंगेन येथे स्वतः बांधलेल्या दगडी मनोऱ्यात राहायला जात. तिथे वीज नव्हती. लाकडे फोडायची, पाणी शेंदायचे, चूल पेटवायची. १९५० मध्ये खाणीतून त्यांच्यासाठी चुकीच्या मापाचा एक चौकोनी दगड आला. गवंडी तो परत पाठवायला निघाला, युंग म्हणाले, हाच हवा. त्यावर त्यांनी अंगावर झूल घेतलेली एक छोटी आकृती कोरली, अ‍ॅस्क्लेपिअसचा सोबती टेलेस्फोरस. पंचाहत्तरीतल्या त्या हातांनी पुन्हा माळ्यावरचा तो छोटा माणूस घडवला होता.

१९५५ मध्ये एमा गेल्या. ६ जून १९६१ रोजी क्युस्नाख्टच्या राहत्या घरी युंग यांनी देह ठेवला. १९१३ पासूनचे ते अनुभव त्यांनी सुंदर अक्षरांत, चित्रांसह एका लाल चामडी बांधणीच्या जाड ग्रंथात उतरवून ठेवले होते. तो त्यांनी हयातीत छापला नाही. कुटुंबीयांनी तो बरीच वर्षे बँकेच्या तिजोरीत ठेवला, आणि २००९ मध्ये तो जगासमोर आला. १९५९ मध्ये त्यांनी अनेक वर्षांनी तो पुन्हा उघडून शेवटी दोन शब्द लिहायला घेतले होते. ते लिखाण एका वाक्याच्या मध्येच थांबते.